‘होळकर’ की ‘होलकर’? इंदूरची मराठी पुस्तके आणि ग्रंथपालाच्या हातातील नवी साधने

‘होळकर’ हे आडनाव मराठीत ‘ळ’ने लिहिले जाते, हिंदीत ‘ल’ने. कागदावर हा फरक एका अक्षराचा असतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. ज्या इंदूर शहराला होळकरांनी वैभव दिले, त्याच शहरातील एखाद्या ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत ‘होळकर’ असा शोध घेतला, तर ‘होलकर’ या रूपाखाली नोंदलेली पुस्तके दिसतीलच असे नाही. पुस्तक कपाटात असते, वाचक दारात असतो, आणि मधल्या एका अक्षरामुळे दोघांची भेट होत नाही.

समाजमाध्यमे आणि सामूहिक कामाची ऑनलाइन साधने ग्रंथपालाला कशी उपयोगी पडतील, या प्रश्नाचा विचार येथून सुरू करणे योग्य ठरेल. ग्रंथालयाचे फेसबुक पान काढणे किंवा नव्या पुस्तकांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवणे एवढाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. परंतु पुस्तकाची नोंदच सदोष असेल, तर प्रसिद्धीने वाचक ग्रंथालयापर्यंत येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून आधी नोंद, मग प्रसिद्धी, हा क्रम महत्त्वाचा. महाराष्ट्राबाहेरील मराठी ग्रंथसंग्रहांच्या बाबतीत तर या क्रमावरच त्या संग्रहांचे पुढील आयुष्य अवलंबून आहे. इंदूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गोव्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

इंदूर आणि मराठी ग्रंथ

माळव्यात मराठी भाषा अठराव्या शतकात होळकर, शिंदे आणि पवार या घराण्यांबरोबर स्थिरावली. अहिल्याबाईंच्या काळात, म्हणजे १७६७ ते १७९५ या वर्षांत, राज्याचा कारभार महेश्वरहून चालत असे आणि दप्तराची लिपी मोडी होती. पुढे इंदूर राजधानी झाले. शिक्षक, वकील, कारकून, वैद्य, कीर्तनकार आणि संगीतकार अशा व्यवसायांतील मराठी कुटुंबे तेथे वसली आणि त्यांच्याबरोबर पुस्तकेही आली.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरले. १९१७ मध्ये गणेश जनार्दन आगाशे, १९३५ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष अध्यक्षस्थानी होत्या. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहराने हे यजमानपद तीन वेळा सांभाळावे, यावरून तेथील मराठी समाजाचे बळ ध्यानात येते. त्याच शहरात हिंदीचेही मोठे कार्य झाले. १९१८ आणि १९३५ या दोन्ही वर्षी महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन इंदुरात भरले. म्हणजे १९३५ या एकाच वर्षी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांची संमेलने या शहराने पाहिली.

मराठीचे बोलणे आणि ऐकणे इंदुरात आजही जिवंत आहे. महाराष्ट्र साहित्य सभेसारखी संस्था साहित्यिक उपक्रम चालवते, तर ‘सानंद’ने मराठी नाटकांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला आहे. वाचनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. घरात मराठी बोलणारी अनेक मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. आजोबांच्या संग्रहातील पुस्तकांची लिपी त्यांना परिचित असते, पण ग्रंथभाषा दूरची वाटते. जुन्या पिढीतील वाचक कमी होत जातात, घरे बदलतात, आणि पुस्तके संस्थेला भेट म्हणून दिली जातात किंवा रद्दीत जातात. भेट मिळालेली पुस्तके नोंदवायला मराठी नीट वाचू शकणारा कर्मचारी नसेल, तर ती गठ्ठ्यांतच राहतात. ज्या पुस्तकाची नोंद नाही, ते हरवले तरी कोणाला कळत नाही. येथे पणाला लागलेली गोष्ट ती हीच.

लिपी एक, अडचणी अनेक

हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्याने हिंदी जाणणारा कर्मचारी मराठी पुस्तकाची नोंद सहज करील, असे वाटते. प्रत्यक्षात सारख्या लिपीमुळेच चुका लक्षात येत नाहीत. त्यांतील काही नेहमीच्या चुका पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली चूक ‘ळ’ची. टिळक हे तिलक होतात, केळकर हे केलकर होतात. इंदुरातील एक वसाहत हिंदी फलकांवर ‘तिलक नगर’ या नावाने दिसते. शहराच्या रोजच्या व्यवहारात हे रूप इतके रुळलेले आहे की ग्रंथसूचीत ते आले तर कोणाला खटकणार नाही. दुसरी चूक नुक्त्याची. हिंदीत ‘फड़के’ असे लिहिताना अक्षराखाली टिंब येते, मराठीत ‘फडके’ टिंबाविना लिहितात; संगणकाला ही दोन नावे भिन्न वाटू शकतात. तिसरी गोष्ट गावाच्या नावाची: इंदूर, इंदौर आणि जुन्या पुस्तकांवरील इतर रूपे.

चौथी चूक सर्वांत फसवी आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बहुधा शालिवाहन शक दिलेला असतो, तर हिंदी प्रदेशातील जुन्या पुस्तकांवर विक्रम संवत. शकात ७८ मिळवले की इसवी सनाचे वर्ष साधारणपणे मिळते. संवतातून ५७ वजा करावे लागतात. ‘१८३९’ एवढाच आकडा पाहून एखाद्याने तो संवत समजला, तर पुस्तक १७८२ चे ठरेल. शक समजला तर १९१७ चे. देवनागरी मुद्राक्षरांतील मराठी पुस्तकांची परंपरा श्रीरामपूर येथील विल्यम कॅरी यांच्या मराठी व्याकरणापासून, म्हणजे १८०५ पासून मोजली जाते, हे ज्याला ठाऊक असेल त्याला पहिली तारीख पाहताच शंका येईल. इतरांना येणार नाही.

पाचवी अडचण तांत्रिक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी केलेल्या नोंदी हिंदीसाठी कृतिदेव आणि मराठीसाठी श्रीलिपी यांसारख्या टंकांत असत. तो टंक संगणकावर नसेल, तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते आणि शोध घेणे अशक्य होते. अशा याद्या फेकून देण्याची गरज नसते. टंक-परिवर्तकाने त्या युनिकोडमध्ये आणता येतात. मात्र परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार तपासण्यासाठी माणूसच लागतो.

सामूहिक नोंदणी: एकट्याचे काम अनेकांचे

हे तपासणीचे काम एका ग्रंथपालाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि सामूहिक साधनांचा खरा उपयोग येथेच होतो. कल्पना नवीन नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये एकत्र येऊन सामायिक सूचीकरणाची जी संस्था उभारली, तिच्यातूनच ‘वर्ल्डकॅट’ ही जागतिक संयुक्त सूची वाढली. तिचे तत्त्व साधे होते: एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद काळजीपूर्वक केली, की इतरांनी तीच वापरावी, पुन्हा पुन्हा तेच श्रम करू नयेत.

मराठीत तर याहून जुना आदर्श आहे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ही १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद करणारी सूची आजही अभ्यासकांचा पहिला आधार आहे. संगणक नसताना, ठिकठिकाणच्या संग्रहांतील पुस्तके पाहून दाते यांनी ती सिद्ध केली. इंदूरसारख्या ठिकाणी एखाद्या जुन्या पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटलेले असेल, तर त्याचे वर्ष आणि प्रकाशक ठरवण्यासाठी दाते सूचीशी ताडून पाहणे हा आजही खात्रीचा मार्ग आहे.

आज हेच काम ऑनलाइन तक्त्याने सुरू करता येते. गूगल शीट्ससारख्या सामायिक तक्त्यात एकाच वेळी अनेक जण, वेगवेगळ्या शहरांतून काम करू शकतात. इंदूरच्या ग्रंथपालाने मुखपृष्ठाचे छायाचित्र जोडावे, पुण्यातील एखाद्या अभ्यासकाने लेखकाचे प्रमाण नाव भरावे, नागपूरच्या निवृत्त शिक्षिकेने शीर्षकातील शुद्धलेखन तपासावे, अशी विभागणी शक्य आहे. तक्त्यात पुढील रकाने असले तर बहुतेक अडचणी सुटतात.

१. दाखल क्रमांक आणि पुस्तकाचे कपाटातील स्थान.
२. शीर्षक, पुस्तकावर छापले आहे अगदी तसेच.
३. शीर्षकाचे रोमन रूप.
४. लेखकाचे ठरवलेले प्रमाण नाव.
५. नावाची इतर सर्व रूपे: होळकर, होलकर, रोमन अक्षरांतील रूपे.
६. प्रकाशनवर्ष, मुद्रित रूपात आणि शेजारी इसवी सनात. शक की संवत याची स्पष्ट नोंद.
७. प्रकाशक, मुद्रणालय आणि गाव.
८. पुस्तकाची अवस्था: पाने सुटी, वाळवी लागलेली, बांधणी आवश्यक.
९. नोंद कोणी केली, कोणी तपासली.

पाचव्या रकान्याला विशेष महत्त्व आहे. चुकीचे रूप पुसून टाकू नये; ते पर्यायी रूप म्हणून जपावे. हिंदी वाचक ‘होलकर’ असेच शोधणार आहे, आणि त्यालाही पुस्तक सापडले पाहिजे. ग्रंथालयशास्त्रात याला नामप्राधिकार म्हणतात: एका व्यक्तीची सर्व नावे एका प्रमाण नावाला बांधून ठेवणे. २०१२ पासून सुरू असलेल्या विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्यात प्रत्येक लेखकाला एक ओळखक्रमांक मिळतो आणि त्याखाली अनेक भाषांतील, अनेक लिप्यांतील नावे जोडता येतात. तक्त्यात तो क्रमांक लिहून ठेवला, की नावाचा घोळ कायमचा मिटतो.

शेवटचा रकाना शिस्तीसाठी आहे. सामूहिक कामात चूक कोणाची हे शोधणे हा उद्देश नसतो, तर शंका आल्यास विचारायचे कोणाला हे कळावे एवढाच असतो. सामायिक तक्त्यात आधीच्या आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे चुकून पुसलेली माहिती परत आणता येते. तरीही सर्वांना बदल करण्याचा अधिकार देऊ नये. बहुतेकांना सूचना करण्याचा आणि दोघा-तिघांना बदल मान्य करण्याचा अधिकार असावा.

तक्ता हा आरंभ आहे, शेवट नव्हे. नोंदी शुद्ध झाल्या की त्या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या प्रणालीत न्याव्या लागतात. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि २००० मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘कोहा’ ही प्रणाली विनामूल्य आहे. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ या प्रणालीही प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणतीही निवडली तरी नोंदी बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील, याची खात्री आधी करून घ्यावी.

समाजमाध्यमे: कोणते कशासाठी

नोंद तयार झाल्यावर प्रसिद्धीला अर्थ येतो. माध्यमे अनेक असली तरी प्रत्येकाचे काम वेगळे असते आणि लहान ग्रंथालयाने सर्वत्र हजर राहण्याचा अट्टहास करू नये.

व्हॉट्सॲप हे सभासदांशी रोजच्या संपर्काचे माध्यम. गटात सर्वांना बोलता येते, त्यामुळे सुप्रभाताच्या संदेशांत पुस्तकाची बातमी बुडून जाते. शिवाय प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांना दिसतो. चॅनेलमध्ये फक्त ग्रंथालय लिहिते आणि अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून सूचनांसाठी चॅनेल आणि चर्चेसाठी छोटा गट अशी विभागणी सोयीची. फेसबुकचा उपयोग शहराबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी होतो. इंदूर सोडून पुणे, मुंबई किंवा परदेशी गेलेली पिढी तेथे सापडते. यूट्यूब हे पुस्तक-परिचय, मुलाखती आणि मोडी-वाचनाच्या धड्यांसाठी. तरुणांसाठी इन्स्टाग्राम, तेथे पुस्तकाचे मुखपृष्ठ, जुनी जाहिरात, ग्रंथालयाचा शिक्का अशा दृश्य गोष्टी चालतात.

इंदूरला याबाबतीत एक अनुकूलता आहे. ‘वेबदुनिया’ हे हिंदी संकेतस्थळ १९९९ मध्ये याच शहरातून सुरू झाले आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. म्हणजे इंटरनेटवरील देवनागरीचा अनुभव या शहराला पाव शतकाचा आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयासारख्या संस्थांमुळे तंत्र जाणणारे विद्यार्थीही शहरात उपलब्ध असतात. त्यांना मराठी कपाटाशी जोडणे एवढेच काम उरते.

माहिती देण्यापेक्षा माहिती मागणे अधिक फलदायी ठरते, असा अनुभव मोठ्या ग्रंथालयांचा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपली जुनी छायाचित्रे ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना त्यांत माहितीची भर घालण्याचे आवाहन केले. व्यक्ती, इमारती आणि प्रसंग यांची ओळख पटवून देणारे तपशील लोकांकडून आले आणि तपासून मूळ नोंदींत घेतले गेले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे ऑनलाइन आणताना यंत्राने वाचलेल्या मजकुरातील चुका दुरुस्त करण्याचे काम थेट वाचकांवर सोपवले, आणि वाचकांनी ते आनंदाने केले.

इंदूरच्या संदर्भात याचा अर्थ असा: ‘आमच्याकडे जुनी पुस्तके आहेत’ असे सांगण्याऐवजी एका पुस्तकाच्या पहिल्या पानावरील अर्पणपत्रिकेचे किंवा वाचनालयाच्या पुसट शिक्क्याचे छायाचित्र द्यावे आणि विचारावे, हे वाचनालय कोणत्या पेठेत होते? या मुद्रणालयाविषयी कोणाला माहिती आहे का? होळकरकालीन शहराच्या आठवणी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, अशी माणसे आजही आहेत. त्यांच्याकडून आलेले उत्तर गटात वाहून जाऊ न देता त्याच दिवशी तक्त्यातील नोंदीत उतरवणे, हे ग्रंथपालाचे काम. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे. अशा रीतीने समाजमाध्यम सूचीला माहिती पुरवते आणि सूची समाजमाध्यमाला विषय पुरवते. होळकरशाहीच्या इतिहासाची साधने ज्या शहरात छापली गेली, तेथे अशा विषयांना तोटा नाही.

विकिपीडिया आणि विकिस्रोत

ग्रंथपालाचे मूळ कौशल्य म्हणजे विधानाला आधार शोधून देणे. विकिपीडियाला नेमकी त्याचीच गरज असते. मराठी विकिपीडिया मे २००३ पासून चालू आहे. तिच्यावरील अनेक लेखांना संदर्भाची उणीव आहे. ग्रंथपालांनी वर्षातून किमान एक संदर्भ जोडावा, अशी जागतिक मोहीम विकिपीडियाच्या पंधराव्या वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. इंदूर, महेश्वर, देवास यांविषयीच्या लेखांत कपाटातील मराठी पुस्तकांचे पृष्ठक्रमांकासह संदर्भ जोडले, तर त्या पुस्तकांचे अस्तित्व कुठल्याही जाहिरातीविना जगापुढे येते.

विकिस्रोत हे प्रताधिकारमुक्त ग्रंथांचे ऑनलाइन ग्रंथालय आहे. तेथे पुस्तकाचे एक पान आणि शेजारी त्याचा टंकित मजकूर दिसतो. एक जण टंकित करतो, दुसरा तपासतो. गोव्याला याचा जवळचा अनुभव आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली आणला आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या ऑनलाइन रूपांतरात भाग घेतला. २०१५ मध्ये कोकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. विद्यापीठ, ग्रंथालय आणि स्वयंसेवक एकत्र आले की लहान भाषेचे मोठे काम होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

कायदा, खासगीपणा आणि सावधगिरी

उत्साहाच्या भरात सर्वाधिक चूक होते ती प्रताधिकाराबाबत. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार राहतो. माळव्याशी निकटचा संबंध असलेले कवी भा. रा. तांबे यांचे निधन डिसेंबर १९४१ मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता १ जानेवारी २००२ पासून मुक्त झाल्या. साने गुरुजींचे निधन १९५० मधले, म्हणून त्यांच्या हयातीतील पुस्तके १ जानेवारी २०११ पासून मुक्त. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजतात. अनुवादक, संपादकाची प्रस्तावना आणि चित्रकार यांचे हक्क स्वतंत्र असतात, त्यामुळे जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती सरसकट मुक्त समजू नये.

२०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, विनानफा ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ही मुभा जतनाची आहे, वाटपाची नव्हे. प्रताधिकार असलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ प्रती व्हॉट्सॲप गटांतून फिरतात, त्याने लेखक आणि लहान प्रकाशक यांचे नुकसान होते. ग्रंथालयाच्या गटात तरी तसे घडता कामा नये.

दुसरी गोष्ट वाचकाच्या खासगीपणाची. कोण काय वाचतो हे वाचक आणि ग्रंथालय यांच्यातच राहिले पाहिजे. पुस्तक परत न केलेल्यांची नावे गटात टाकणे, सभासदांचे क्रमांक विनापरवानगी वापरणे, लहान मुलांची छायाचित्रे पालकांना न विचारता लावणे, हे टाळावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला आहे.

तिसरी गोष्ट मालकीची. ग्रंथालयाचे पान बहुधा एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत दूरध्वनीवरून चालते. तो निवृत्त झाला की पान मुके होते. खाती संस्थेच्या ईमेलवर काढावीत, किमान दोघांकडे त्यांचा अधिकार असावा आणि संकेतशब्दांची नोंद कार्यालयात सुरक्षित ठेवावी. माध्यमेही कायमची नसतात. ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले; त्यांवरचा संवाद त्यांच्याबरोबरच गेला. म्हणून मूळ नोंद नेहमी ग्रंथालयाच्या स्वतःच्या संगणकावर असावी, तिची प्रत दर महिन्याला साध्या तक्त्याच्या स्वरूपात काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

गोव्याच्या दृष्टीने

महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या प्रदेशांत गोव्याची स्थिती इंदूरहून बरी आहे. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, म्हणजे देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. १९९३ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि शाळांतून मराठी शिकवली जाते. १९३० मध्ये मडगावलाही वा. म. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते.

तरीही इंदूरचा ‘ळ’ गोव्यात दुसऱ्या रूपाने भेटतो. पोर्तुगीज काळातील रोमन लेखनपद्धतीमुळे एकाच व्यक्तीचे नाव वेगवेगळ्या संग्रहांत वेगळे दिसते. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीजमध्येही लिहिले आणि मराठीतही. त्यांच्या आडनावाचे पोर्तुगीज वळणाचे रोमन रूप, आजचे इंग्रजी वळणाचे रूप आणि देवनागरी रूप ही तिन्ही सूचीत एकमेकांना जोडलेली नसतील, तर अभ्यासकाला त्यांचे निम्मेच काम दिसेल. गावांच्या नावांचेही तसेच. गावोगावच्या वाचनालयांत, देवस्थानांच्या आणि जुन्या घरांच्या संग्रहांत असलेली मराठी व कोकणी पुस्तके कोठे आहेत, याची एक सामायिक यादी तालुक्यापासून सुरू करता येईल.

सुरुवात कशी करावी

कोणत्याही लहान ग्रंथालयाला तीन महिन्यांत झेपेल असा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. पहिल्या महिन्यात एकच कपाट निवडावे, शंभर पुस्तकांच्या मुखपृष्ठाची आणि मुद्रणपृष्ठाची छायाचित्रे घ्यावीत आणि सामायिक तक्ता उघडावा. दुसऱ्या महिन्यात चार-पाच जाणकारांना जोडून नावे, वर्षे आणि पर्यायी रूपे तपासून घ्यावीत. दाते सूचीशी ताडून पाहावे. तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, एका वेळी एकच पुस्तक समाजमाध्यमावर मांडावे, सोबत एक प्रश्न आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक द्यावा. किती पसंतीच्या खुणा आल्या हे मोजण्यापेक्षा किती नोंदी दुरुस्त झाल्या आणि किती पुस्तके कपाटातून बाहेर निघाली, हे मोजावे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र पुस्तकाच्या बाजूने बोलते: पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. इंदूरच्या कपाटातील मराठी पुस्तकाचा वाचक आज शेजारच्या गल्लीत असेल किंवा पणजीत, पुण्यात, परदेशात. तो ‘होळकर’ लिहून शोधो वा ‘होलकर’, त्याच्यासमोर तेच पुस्तक आले, की ग्रंथपालाचे काम झाले.